पाहुण्याची तारीख

या, असे जवळ या. मागं बसलेल्यांनीही थोडं पुढं सरकावं, आवाज चढवून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. दोन भावंडांची गोष्ट आहे, आणि एका तारखेची. तिच्यात चोरी आहे, पण कुठलं कुलूप तुटलं नाही. आणि पाप आहे ते इतकं बारीक, की करणारीच्या हाताला त्याचा डाग पडला नाही, फक्त कानाला पडला. ऐकता ऐकता कुणाला आपल्याच घरातलं माणूस आठवलं तर आठवू द्यावं. गोष्टी त्यासाठीच असतात.

दोघांतली थोरली बहीण ऑफिसातल्या लिफ्टची वाट बघत उभी होती आणि तिचा फोन वाजला. धाकट्या भावाचा होता. सकाळच्या वेळी तो कधी फोन करत नसे, म्हणून तिनं लगेच उचलला. "ताई, आईच्या डोळ्याचं मी बघतो," तो म्हणाला, "ऑपरेशन, नंतरचे थेंब, ने-आण, सगळं. तू रजाबिजा टाकू नकोस. मी आहे पुढचा महिनाभर." "तुला रजा मिळेल?" तिनं विचारलं. "मिळाली," तो म्हणाला. एवढंच. लिफ्टचं दार उघडलं, आतली माणसं तिच्याकडं बघत राहिली, कुणीतरी पाय अडवून दार धरलं, आणि ती आत गेलीच नाही. दार मिटलं. दाराच्या चकचकीत पत्र्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला, आणि त्या चेहऱ्यावर आईच्या डोळ्याची काळजी मिटल्याचं समाधान नव्हतं. त्या चेहऱ्यावर हिशेब होता. आधी तिच्यातल्या बहिणीनं ऐकावं आणि मग नोकरी करणाऱ्या बाईनं, असा क्रम असायला हवा होता. पण नोकरीवाली बाई पुढं धावली आणि बहीण मागून धापा टाकत आली, तोवर शब्द उचलून नेले गेले होते. पुढचा महिनाभर. रजा मिळाली. म्हणजे समोरचे यंदा येत नाहीत.

आता हे 'समोरचे' कोण, ते सांगायला हवं. घरात टीव्हीला जोडून खेळायची जी गेमची यंत्रं असतात, कन्सोल म्हणतात त्यांना, ती बनवणाऱ्या कंपनीत ही बाई कामाला होती. तिचं काम एकच. नवं यंत्र बाजारात कुठल्या दिवशी उतरवायचं, ते ठरवणं. ऑफिसात तिला सगळे तारीखबाई म्हणत. तारीख ही तिथं इतकी नाजूक चीज, की बंद खोलीतही तिचा उच्चार करत नसत. तिला म्हणायचं 'पाहुणा'. पाहुणा कधी येणार? पाहुणा लवकर येतोय का? पाहुण्याचं पोट बिघडलंय. असं वर्षभर चालायचं. तसंच यंत्र बनवणारी दुसरी कंपनी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होती, तरी हिच्या ऑफिसात तिला 'समोरचे' म्हणत, कारण डोळे मिटले तरी ती समोरच दिसायची. आणि हिचा धाकटा भाऊ त्या समोरच्यांकडं होता. कारखान्यातून निघालेला माल जहाजावर, जहाजावरून गोदामात, गोदामातून दुकानात, हे सगळं तो बघायचा. त्याला तिथं नोकरी लागली त्याच दिवशी दोघांनी आईच्या जेवणाच्या टेबलावर ठरवलं होतं, ऑफिस दाराबाहेर ठेवून आत यायचं. आई म्हणाली होती, "बरं झालं बाई, नाहीतर जेवताना तुम्ही एकमेकांच्या ताटातलं मोजलं असतंत."

हा धंदा बाहेरून खेळण्यांचा दिसतो, पण आत बसलेल्याला झोप नसते. वर्षअखेरीच्या सुट्ट्या आल्या की आईबाप पोरांसाठी हात सैल सोडतात, तेवढा एक हंगाम. एका घरात एक यंत्र आलं की गल्लीतली पोरं त्या घरी गोळा होतात, मग ज्याला त्याला तेच हवं असतं, आणि पुढची पाचसहा वर्षं ती गल्ली गेली ती गेलीच. म्हणून आधी यायचं. पण आधी बोलायचं नाही! जो आधी तारीख बोलतो त्याचे पत्ते उघडे पडतात. दुसरा त्याच्या एक आठवडा अलीकडं येऊन उभा राहतो, नाहीतर किंमत पाडतो. दोन माणसं एकाच दाराशी 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत उभी असावीत आणि दोघांच्याही मनात दुसऱ्याला ढकलून आत शिरायचं असावं, तसा हा शिष्टाचार. आणि त्या वर्षी दोन्ही दारं मिटलेली, दोन्हीकडं श्वास रोखलेला, आणि मध्ये ही बाई दाराला कान लावून. गेली कित्येक वर्षं तिला सगळ्यातून तारखाच ऐकू येत होत्या. समोरच्यांच्या जाहिरातवाल्याचं लग्न लांबलं, की ती मनात नोंद करायची. बंदरावरची मजुरी वाढली, की नोंद. दुकानदार जुनं यंत्र स्वस्तात काढू लागले, की ती रस्त्यातच थांबायची, आणि मागून येणारा माणूस तिच्यावर आदळून शिवी घालायचा. देवानं माणसाला कान दोन दिले, एक सुखदुःख ऐकायला आणि एक कामाचं ऐकायला असं समजू. तिचा पहिला कान हळूहळू दुसऱ्यासारखाच झाला होता, आणि तिला ते कळलं नव्हतं. कुणालाच कळत नाही ते.

समोरच्यांकडं माल पाठवणाऱ्यांना पाहुणा यायच्या आधी दोन महिने रजा नसते, हे तिला ठाऊक होतं. मागच्या खेपेला भावाचं लग्न त्यापायीच पुढं ढकललं होतं, होणारी सून चिडून म्हणाली होती, "माझ्यापेक्षा तो डबाच घेऊन संसार करा." तोच भाऊ आता म्हणतोय महिनाभर मोकळा आहे. याचा अर्थ कुणी पोरगंही सांगेल. यंत्र रखडलंय त्यांचं. हंगाम हुकला त्यांचा. हे तिला खरं वाटलं, कारण ते खरं असावं अशी तिला तहान लागली होती. मागच्या वेळी तिची कंपनी घाईनं आधी आली होती. तेव्हा तारीख ठरवणारे दुसरे कुणी होते, ती त्या खात्यात नवी होती. पण परत आलेली यंत्रं तळमजल्यावर छतापर्यंत रचलेली तिनं बघितली होती. खेळता खेळता तापून मेलेली. त्या तळमजल्यावर तापलेल्या प्लास्टिकचा एक गोडसर वास भरून राहिला होता, आजारी पोराच्या कपाळाला येतो तसा, आणि तो तिच्या नाकातून कधी गेलाच नाही. या खेपेच्या यंत्राची चाचणी घेणारा इंजिनिअर तिला जिन्यात गाठून रोज एकच सांगायचा, "बाई, बाळंतपण घाईनं उरकत नाहीत. थंडी सरू द्या. पंखा अजून रडतोय त्याचा." समोरचे येत नसतील तर थंडी सरू देता येईल. समोरचे येत नसतील तर कुणाचंच काही तापणार नाही. मनाला जे हवं असतं ते कानाला आधी ऐकू येतं, आणि मग आपण म्हणतो, मी तर फक्त ऐकलं.

बैठक त्याच दुपारी होती. लांब टेबल, मध्ये पाण्याच्या बाटल्या, आणि टोकाला कापडाखाली झाकून ठेवलेलं नवं यंत्र, चालू केलेलं. त्याचा पंखा खरंच रडत होता, बारीक, दातांत कापूस धरल्यासारखा. साहेब आत येतानाच म्हणाले, "बोला तारीखबाई. पाहुणा कधी येणार?"

"आपला की समोरच्यांचा?"

"आधी समोरच्यांचा सांगा. मग आपल्या पाहुण्याला आंघोळ कधी घालायची ते बघू."

सगळे हसले. ती हसली नाही. "समोरचे यंदा येत नाहीत," ती म्हणाली.

जाहिरातीची मुख्य बाई पेन आपटत म्हणाली, "का, स्वप्नात येऊन सांगून गेले?"

"येत नाहीत. थंडी सरल्यावर येतील. आपणही तोवर थांबावं. चाचणी नीट होऊ द्यावी."

"खात्री?" साहेबांनी विचारलं.

"आहे."

"कुठून?"

इथं तिला थांबता आलं असतं. अंदाज आहे म्हणता आलं असतं, अनुभव म्हणता आलं असतं, दुकानदारांचा कल म्हणता आलं असतं. पण पंखा रडत होता, सगळे तिच्याकडं बघत होते, आणि खरं वाटायचं असेल तर खऱ्याचा एखादा तुकडा द्यावा लागतो. ती म्हणाली, "घरातून."

तिचा भाऊ कुठं असतो हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला माहीत होतं. साहेबांनी हात वर केला, म्हणाले, "बास. एवढं पुरे. पुढं विचारणं म्हणजे आगाऊपणा. आपणही थंडी सरेपर्यंत थांबू." आणि उठताना त्यांनी तिच्या पाठीवर थाप दिली. ती थाप ओल्या फडक्यासारखी ब्लाउजला चिकटून राहिली. मी काही सांगितलं नाही, ती मनाशी म्हणाली, आणि त्यानंही मला काही सांगितलं नाही. मग सांगितलं कुणी? शब्द तर झाला होता. शब्द दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेतून उठून टेबलावर येऊन बसला होता. जिन्यात चाचणीवाला भेटला. "देवासारख्या धावून आलात," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यात खरंच पाणी होतं. तिला वाटलं, बघ, चांगलंच झालं की. चांगल्यासाठी केलं. माणसाला स्वतःची समजूत घालायला साक्षीदार कधी कमी पडत नाहीत.

ऑपरेशनच्या दिवशी ती दवाखान्यात गेली. अर्धाच दिवस. लांब बोळ, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, औषधाचा थंड वास, आणि भाऊ आईचा चष्मा शर्टाच्या खिशात ठेवून बसलेला. चष्म्याची एक काडी बाहेर आली होती आणि तो बोलताना ती हलत होती. ती त्याच्याकडं बघत होती, पण बघणं आता साधं राहिलं नव्हतं. दाढी वाढलीय. बूट पुसलेले नाहीत. डोळ्याखाली काळं नाही, म्हणजे झोप होतेय. हंगामात याला झोप नसते. "फोन कुठंय तुझा?" तिनं विचारलं. "परवा आईच्या फोनवरून बोललास."

"ठेवलाय," तो म्हणाला. "वाजत नाही हल्ली."

वाजत नाही. नोंद. "ऑफिसात कसं काय चाललंय?" तिच्या तोंडून गेलं.

त्यानं मान वळवून तिच्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. "ताई, आपलं ठरलंय ना."

"सहज विचारलं रे छोट्या."

"सहज विचारलंस तर सहजच सांगतो. सकाळी दोन थेंब, दुपारी दोन, संध्याकाळी दोन. सध्या एवढंच ऑफिस. साहेब आतमध्ये आडवे आहेत, डोळ्यावर पट्टी बांधून."

ती हसली, तोही हसला, पण हसता हसता तो पाण्याच्या बाटलीवरचा कागद नखानं सोलत होता, बारीक बारीक तुकडे करून मांडीवर गोळा करत होता. तिनं ते बघितलं आणि त्याचाही अर्थ लावला. बिचारा. यांचं काम रखडलंय, मान खाली गेलीय याची. तिला त्याची माया आली, आणि त्या मायेच्या आत एक दुसरी गोष्ट होती, बरं वाटण्यासारखी, ती तिनं घाईनं झाकली. मग का कोण जाणे, तिला घरचं काचेच्या दाराचं कपाट आठवलं. लहानपणी सुट्टीत दुपारी दोघं पत्ते खेळायची, आणि ती कपाटाला पाठ करून बसायची, कारण तिथं गार वाटायचं. एकदा सलग तिसरा डाव ती जिंकत होती आणि तिच्या हातात बदामाचा एक्का होता, तेव्हा तो समोरून म्हणाला, "ताई, सरक. कपाटाच्या काचेत तुझे पत्ते दिसतायत." किती वेळ दिसत होते? "पहिल्यापासून," तो म्हणाला होता, "मी खाली बघत होतो." तिला तेव्हा त्याचा राग आला होता. इतका, की तिनं पत्ते उधळले होते. कशाचा राग, ते तिला त्या वयात सांगता आलं नव्हतं, आणि या बोळात बसून सांगायचं तिनं टाळलं. आतून नर्स आली, म्हणाली, "झालं. छान झालं." भाऊ उठला तशी कागदाची सोलपटं फरशीवर सांडली, आणि तो खाली वाकून एकेक वेचत बसला.

पाहुणा आला तो साध्या कामाच्या दिवशी, सकाळी. ऑफिसच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर समोरच्यांचा कसलासा कार्यक्रम लागला होता, कुणी नीट बघतही नव्हतं. त्यांचा मोठा साहेब व्यासपीठावर आला, पडदा बाजूला झाला, यंत्र दिसलं, आणि तो म्हणाला, वाट कशाला बघायची? दुकानात आहे. जा, घेऊन या. एवढं बोलून तो आत निघूनही गेला. ऑफिसात एक फोन वाजला, मग दुसरा, मग सगळे. माल महिनाभर आधीच दुकानांच्या मागच्या खोल्यांत जाऊन बसला होता, दुसऱ्याच नावाच्या खोक्यांत. दुकानदारांनाही सकाळीच कळलं. जाहिरातवाली खुर्चीवर बसायला गेली आणि खुर्ची चाकांवरून मागं सरकली. तारीखबाई मात्र पडद्याकडं बघत नव्हती. ती मनानं लिफ्टपाशी परत गेली होती. रजा मिळाली, तो म्हणाला होता. मागितली, असं म्हणाला नव्हता. दिली होती त्याला रजा! तारीख ठरली, त्याच दिवशी त्याला घरी बसवलं, मग फोनही काढून घेतला, कारण त्याची बहीण इकडं होती. लग्नघरात चोराच्या भावाला कोठीची किल्ली देत नाहीत तसं. त्याचं मोकळं असणं हीच तर पाहुण्याच्या पावलांची चाहूल होती, आणि ती तिनं नेमकी उलटी ऐकली. तिच्यामुळंच तो मोकळा होता, आणि ते मोकळं असणं ती त्याच्याविरुद्ध वाचत बसली होती. तिच्या कानात सूं असा आवाज सुरू झाला. बऱ्याच वेळानं तिला कळलं, की शेजारच्या बैठकीच्या खोलीत ते झाकलेलं यंत्र आजही चालू आहे, आणि त्याचाच पंखा रडतोय.

साहेबांनी बोलावलं तेव्हा ती वाक्य तयार करून गेली होती. त्यानं मला काही सांगितलं नाही, साहेब, मीच वाचलं, चुकीचं वाचलं. वाक्य तोंडात गोळी ठेवावी तसं जिभेखाली होतं. पण साहेब ओरडले नाहीत. त्यांनी तिच्यापुढं पाण्याचा पेला सरकवला आणि म्हणाले, "तुमच्या भावानं तुम्हाला गंडवलं, बाई. तुमची चूक नाही. रक्ताच्या माणसावर विश्वास ठेवलात. कुणीही ठेवला असता." तिनं पेला उचलला. पाण्याबरोबर ते वाक्य खाली गेलं. ती गप्प बसली आणि साहेबांना ते दुःख वाटलं, ते हळू आवाजात म्हणाले, "घरी जा आज. पुढं आपण बघू." बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की चुकलेल्या तारीखबाईला नोकरीवरून काढतात, पण फसवल्या गेलेल्या बहिणीला पाणी देतात. एका गप्प बसण्यात एवढा फरक. आठवड्याभरात दुकानदारांची बैठक झाली, मोठ्या हॉलमध्ये, माणसांनी धीर सोडू नये म्हणून. हे दुकानदार दोन्ही यंत्रं विकणारे. या काउंटरवर हे, त्या काउंटरवर ते. साहेबांनी बोलता बोलता विनोद केला, "समोरच्यांनी आमच्याकडं भाऊ पाठवला हो, निरोप घेऊन! आम्ही म्हटलं घरचा माणूस आहे, खरंच बोलत असेल." हॉल हसला. ती दुसऱ्या रांगेत बसली होती. शेजारच्यानं तिच्या हातावर सहानुभूतीनं हात ठेवला, आणि ती हसण्याच्या आणि रडण्याच्या मधलं काहीतरी चेहऱ्यावर आणून बसून राहिली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो विनोद शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचला असणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आईकडं गेली. दार उघडंच होतं. भाऊ आईच्या डोक्यामागं उभा राहून थेंब टाकत होता, एक हात कपाळावर, आई छताकडं बघत. "हलू नकोस," तो म्हणत होता, "लहान पोर आहेस का?" "पोरच आहे, तूच आई झालायस माझी," आई म्हणाली. मग तिनं उघड्या डोळ्यानं लेकीकडं बघितलं आणि उठूनच बसली. "अगंबाई, तू इतकी पांढरी कधी झालीस? आणि चेहरा काय हा! मला वाटायचं माझी नजर धुरकट आहे, तर तूच धुरकट!" आई हसली. हसणारी ती एकटीच होती. मग आई आत काहीतरी शोधायला गेली, तेव्हा भाऊ बाटलीचं झाकण लावत म्हणाला, "काल बोलावलं होतं मला. म्हटलं आता फोन परत देतील, कामावर ये म्हणतील. म्हणाले, येऊ नकोस. तू घरी बोललास."

त्यानं झाकण पुन्हा एकदा घट्ट फिरवलं.

"मी म्हटलं, घरी मी एवढंच बोललो, की आईच्या डोळ्याचं मी बघतो. ते हसले. मग रात्रभर मीही विचार करत बसलो. म्हटलं खरंच की. बोललोच मी."

"छोट्या..."

"नाही ताई, मला सुचायला हवं होतं ते. तुझं कामच ते आहे. सुतारासमोर लाकूड ठेवलं तर तो रंधा मारणारच. पण मला वाटलं, मी नाही म्हटलं तर तू आईसाठी रजा टाकशील, आणि नेमका पाहुणा येईल त्या दिवशी जागेवर नसशील. तुझ्या नोकरीवर यायचं. मला सांगता तर येत नव्हतं काही. म्हणून म्हटलं, मी बघतो. तेवढंच हातात होतं." तो हे सगळं बाटलीकडं बघत बोलला. खाली बघत.

आई बाहेर आली ती पत्त्यांचा जोड घेऊनच. "बसा रे दोघं. बदाम कुठलं आणि चौकट कुठली ते आता मला कळतं, आता मी कुणाला फसवू देत नाही." दोघांपैकी कुणीच नको म्हटलं नाही. तिघं खाली बसली. आईनं पत्ते वाटले, प्रत्येक पान डोळ्याजवळ नेऊन कौतुकानं बघत, त्यामुळं सगळ्यांचे पत्ते तिला आधीच ठाऊक झाले होते. तारीखबाईनं आपले पत्ते उचलले, पंख्यासारखे उघडले. पाठीला गार लागत होतं. तिच्या हातात काय आलंय हे तिला दिसत नव्हतं, लाल आणि काळे ठिपके नुसते पोहत होते. आणि समोरून आवाज आला, तोच, फक्त वयानं जाड झालेला. "ताई, सरक. कपाटात दिसतायत."

तिनं वर बघितलं. तो मान खाली घालून आपल्या पत्त्यांकडं बघत होता. ज्या बहिणीनं याचं सगळं पानन्‌पान वाचून भर बाजारात फेकलं, तिच्यासमोर, त्याच दिवसांत, हा मान खाली घालून बसला होता. तिला कळलं की लहानपणी आपल्याला राग कशाचा आला होता. तो राग नव्हताच, ती लाज होती. तिनं हातातले सगळे पत्ते जमिनीवर सुलटे मांडले, एकेक, आई "अगं अगं" करत असताना. मग म्हणाली, "तुझ्या साहेबांचा नंबर दे."

"नको ताई. तुझी नोकरी जाईल."

"दे म्हणते ना."

फोन लागला. ती आईसमोरच बोलली. "मी त्याची बहीण. त्यानं मला काही सांगितलं नव्हतं. मी आईच्या आजारपणातून तारीख काढली, आणि ती चुकीची निघाली. यात त्याचा एक शब्दही नाही." पलीकडचा माणूस सज्जन असावा. तो म्हणाला, "बाई, हे आम्ही कसं मानायचं? बहीण भावासाठी बोलणारच." ती म्हणाली, "मग ज्या हॉलमध्ये त्याला हसले, तिथं बोलते. तिथं बोलून माझं काही भलं व्हायचं नाही. ते तरी मानाल?" आणि तिनं फोन ठेवला. आईनं हातातलं पान खाली ठेवलं आणि लेकीच्या पांढऱ्या केसांवरून एकदा हात फिरवला.

पुढची हकीकत मी लांबवत नाही. दुकानदारांच्या पुढच्या बैठकीत, साहेब बोलत असताना, दुसऱ्या रांगेतली एक बाई उठून उभी राहिली आणि जे बोलायचं ते बोलली. आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. तिची नोकरी गेली. भावाला समोरच्यांनी परत बोलावलं, पण उशिरा, आणि अशा खात्यात, जिथं पाहुण्याची कुणकुणही पोचत नाही. हिच्या कंपनीचं यंत्र थंडी सरल्यावर आलं, निम्म्या गल्ल्या गमावून आलं, पण तापलं नाही. कुणाच्या घरी मेलं नाही. आता दोन्ही यंत्रं घराघरांत टीव्हीखाली शेजारी शेजारी बसलेली असतात, आणि आधी कोण आलं होतं, ते खेळणाऱ्या पोरांना ठाऊकही नाही.

वर एकजण बसलाय, त्याला आपल्या सगळ्यांचे पत्ते दिसतात. कपाट त्याचंच आहे. आणि तेवढा एकच असा, की जो दिसतं म्हणून डाव करत नाही. त्याच्यासारखं होणं आपल्या हातून कुठलं व्हायला? पण आज घरी जाल, कुणी जवळचं माणूस सहज काहीतरी बोलेल, आणि त्यातून तुमच्या कामाचं काही ऐकू येऊ लागेल, तेव्हा माझ्यासाठी एक करा. त्या धाकट्याची आठवण काढा. शर्टाच्या खिशात आईचा चष्मा ठेवून दवाखान्याच्या बोळात बसला होता, तो. फार नको, क्षणभर. आणि खाली बघा.